महाड नगरपालिकेचे दोन ठराव

प्रतिवर्षी आपल्या ज्ञातिसंस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा भरते. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात येते, जमाखर्च मंजूर होतो आणि मग ठरावांस आरंभ होतो. सूचक उभे राहतात, अनुमोदक दोन शब्द बोलतात, अध्यक्ष मत घेतात आणि "ठराव सर्वानुमते संमत" एवढे शब्द इतिवृत्ताच्या वहीत उमटतात. लग्नकार्यातील खर्चास आळा घालावा, हुंडा देऊ नये व घेऊ नये, होतकरू विद्यार्थ्यांस साहाय्य करावे, अशा आशयाचे किती तरी ठराव महाराष्ट्रातील ज्ञातिसंस्थांच्या जुन्या वह्यांतून सापडतील. त्यांतील किती ठराव वहीच्या पानावरून उठून घराघरांत गेले आणि किती त्या पानावरच निजून राहिले, याचा हिशेब मात्र कोणत्याही वहीत नसतो.

ठराव म्हणजे नेमके काय, तो कोणाच्या बळावर जगतो आणि तो मागे घेता येतो काय, या प्रश्नांचे उत्तर शोधू लागल्यास आपणांस दूर जावे लागत नाही. कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे १९८१ सालापासून ज्यास आपण रायगड जिल्हा म्हणतो त्या जिल्ह्यातील, महाड या लहानशा गावच्या नगरपालिकेने दोन ठराव केले. पहिला ५ जानेवारी १९२४ रोजी केला आणि दुसरा ४ ऑगस्ट १९२७ रोजी. पहिल्याने एक दार उघडले. दुसऱ्याने ते लावून घेतले. या दोन ठरावांच्या मधील साडेतीन वर्षांत जे घडले आणि दुसऱ्या ठरावानंतरच्या दहा वर्षांत जे निष्पन्न झाले, त्याची हकीकत आपल्या ज्ञातीच्या तरुण वाचकांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे. त्या हकीकतीत आपल्या ज्ञातीची दोन माणसे ठळकपणे येतात. परंतु केवळ त्यांचा गौरव करण्यासाठी ही लेखणी उचललेली नाही, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे.

गाव आणि तळे

महाड हे रायगडच्या पायथ्याकडील प्रदेशातील, सावित्री व गांधारी या नद्यांच्या सान्निध्यात वसलेले जुने बाजारपेठेचे गाव. खाडीमार्गे येणारा माल येथे उतरे आणि घाटमार्गाने देशावर जाई. ज्या रायगडावर बाळाजी आवजी चिटणीसांची लेखणी चालली, त्या रायगडच्या आसमंतात आपल्या ज्ञातीची वस्ती असणे स्वाभाविकच होते. लिहिणे-वाचणे, सरकारदरबार आणि पुढे वकिली व स्थानिक कारभार यांत या मंडळींचा वावर असे.

गावात एक विस्तीर्ण व फार जुने तळे आहे. त्याचे नाव चवदार तळे. त्याच्या सभोवती रस्ते आणि स्पृश्य हिंदूंची घरे होती. नगरपालिका स्थापन झाल्यानंतर या तळ्याची देखभाल नगरपालिकेकडे आली आणि त्यासाठी लागणारा पैसा सार्वजनिक निधीतून खर्च होऊ लागला. तळ्याचे पाणी गावातील ब्राह्मण भरी, प्रभू भरी, वाणी भरी, मराठा भरी आणि मुसलमानही भरी. परंतु महार, चांभार आदी ज्या समाजांस तेव्हा अस्पृश्य म्हणत, त्यांतील कोणी बाजारहाटासाठी किंवा सरकारी कामासाठी महाडास आला आणि उन्हाने त्याचा घसा कोरडा पडला, तरी समोर दिसणाऱ्या त्या पाण्यात त्याने हात घालावयाचा नाही, असा परिपाठ होता. हा परिपाठ कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात लिहिलेला नव्हता. तो लोकांच्या मनात व धाकात होता आणि म्हणूनच पुस्तकातील कायद्यापेक्षा अधिक कडक होता.

आधी कोण काय म्हणाले

पाण्याचा हा प्रश्न महाराष्ट्रात महाडाआधीही उपस्थित झाला होता. १८६८ साली पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुला केला. तो त्यांच्या स्वतःच्या मालकीचा हौद होता. मालकाने मनात आणले आणि केले. पुढे १९१९ साली कोल्हापूर संस्थानात शाहू छत्रपतींनी सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा इत्यादी ठिकाणी अस्पृश्यता पाळू नये, असे हुकूम काढले. तेथे राजाचा शब्द होता. राजाने आज्ञा केली आणि अधिकाऱ्यांस ती शिरसावंद्य मानावी लागली.

परंतु ज्या ब्रिटिश मुलखात राजा सातासमुद्रापलीकडे आणि पाणवठा कोणा एकाच्या मालकीचा नाही, तेथे हा निर्णय करावयाचा कोणी? १८८२ साली लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचे धोरण जाहीर केल्यापासून गावचे रस्ते, दिवे, गटारे व पाणी यांचा कारभार हळूहळू गावकऱ्यांच्या प्रतिनिधींकडे येऊ लागला होता. १९०१ च्या मुंबई जिल्हा नगरपालिका कायद्याने त्या कारभारास निश्चित रूप दिले. १९१९ च्या सुधारणांनंतर तर स्थानिक स्वराज्य हे खातेच लोकांच्या मंत्र्यांकडे सोपविण्यात आले. तेव्हा पाणी कोणी भरावे, याचे उत्तर आता गावच्या सभागृहात बसलेल्या सभासदांनी द्यावयाचे होते. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, या सभासदांस निवडून देण्याचा अधिकार तेव्हा कर व मिळकत यांवर अवलंबून होता. ज्यांच्या तहानेचा प्रश्न होता, त्यांपैकी फारच थोड्यांस तो मिळणे शक्य होते. म्हणजे तहानलेल्याविषयीचा निर्णय तृप्त माणसाने करावयाचा होता.

या परिस्थितीत ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी एक ठराव मांडला. बोले हे भंडारी समाजाचे पुढारी, कामगारांचे कैवारी आणि दीर्घोद्योगी गृहस्थ. सार्वजनिक पैशांतून बांधलेले अथवा चालविलेले, तसेच सरकारने नेमलेल्या वा कायद्याने स्थापन केलेल्या संस्थांच्या ताब्यात असलेले सर्व पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, त्याचप्रमाणे सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने यांचा उपयोग अस्पृश्य वर्गांस करू द्यावा, अशी त्या ठरावाची शिफारस होती. ठराव संमत झाला आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात मुंबई सरकारने आपल्या सर्व खात्यांच्या प्रमुखांस त्याप्रमाणे वागण्याची सूचना दिली.

बोले यांच्या ठरावातील कसोटी किती साधी होती, हे पाहण्यासारखे आहे. धर्म काय सांगतो, रूढी काय सांगते, या वादात ते शिरलेच नाहीत. पैसा सर्वांचा असेल तर पाणीही सर्वांचे, एवढाच त्यांचा हिशेब. जमाखर्च समजणाऱ्या कोणाही गृहस्थास तो खोडून काढता येणारा नव्हता.

पहिला ठराव

सरकारी सूचना जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरली. बहुतेक स्थानिक संस्थांनी ती दप्तरी दाखल केली आणि स्वस्थ बसल्या. महाडास मात्र वेगळे घडले. त्या नगरपालिकेचे नेतृत्व सुरेंद्रनाथ गोविंद टिपणीस यांच्याकडे होते. सुरबानाना या नावाने ते त्या भागात ओळखले जात. ५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेने चवदार तळे अस्पृश्य समाजास खुले असल्याचा ठराव संमत केला.

टिपणीस आपल्या ज्ञातीचे. अशा स्मरणिकेत त्यांचे नाव आले की, वाचकाची मान उंचावते आणि ती उंचवावी हे योग्यच आहे. मुंबईत बसून समतेवर भाषण देणे सोपे असते. ज्या गावात आपले घर आहे, ज्या आळीत आपली मुले वाढत आहेत, जेथे उद्या लग्नमुंजीची आमंत्रणे द्यावयाची आहेत, त्या गावात असा ठराव संमत करून घेणे ही निराळी गोष्ट आहे. नगरपालिकेचा ठराव हा शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांदेखत केलेला ठराव असतो. त्याचे परिणाम दुसऱ्या दिवशी सकाळी पाणवठ्यावर आणि बाजारात सोसावे लागतात.

परंतु इतिहास लिहिणाऱ्याने येथेच थांबून चालत नाही. ठराव झाला, पुढे काय? पुढे तीन वर्षे काहीही नाही. तळे कागदोपत्री खुले झाले आणि प्रत्यक्षात पूर्वीसारखेच राहिले. कोणी पाणी भरावयास गेला नाही, कारण गेल्यास काय होईल हे प्रत्येकास ठाऊक होते. ठराव करणाऱ्यांनीही कोणास हाताला धरून तळ्यावर नेले नाही. तिकडे कायदेमंडळातही हाच अनुभव येत होता. आपल्या ठरावाची अंमलबजावणी होत नाही, हे पाहून बोले यांनी ऑगस्ट १९२६ मध्ये पुन्हा ठराव आणला. ज्या नगरपालिका व लोकल बोर्डे ही शिफारस पाळणार नाहीत, त्यांस सरकारने अनुदान देऊ नये, अशी त्यात मागणी होती. चांगल्या ठरावाच्या पाठीशी दुसरा ठराव उभा करावा लागला, यातच पहिल्याची स्थिती दिसून येते.

ठराव पायांनी चालला

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्षस्थानी डॉ. भीमराव रामजी आंबेडकर होते. परिषद भरविण्याच्या खटपटीत त्या भागातील महार समाजाचे तडफदार तरुण कार्यकर्ते रामचंद्र बाबाजी मोरे अग्रभागी होते. त्यांच्या जोडीस सुरबानाना टिपणीस होते, मुंबईहून आलेले अनंत विनायक चित्रे होते आणि गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे होते. चित्रे हेही आपल्याच ज्ञातीचे, सहस्रबुद्धे ब्राह्मण. कोकणातून आणि घाटावरून हजारो माणसे आली. पुष्कळांनी पायी मजल मारली होती.

एवढ्या लोकांच्या पिण्यासाठी पाणी कोठून आणावयाचे? जवळच्या तळ्याचे पाणी त्यांस नगरपालिकेने तीन वर्षांपूर्वीच खुले केले होते. तरीही परिषदेच्या चालकांस ४० रुपये मोजून पाणी विकत घ्यावे लागले. ५ जानेवारी १९२४ च्या ठरावाची किंमत काय होती, हे या ४० रुपयांवरून समजते.

पहिल्या दिवशी डॉ. आंबेडकरांनी अध्यक्षीय भाषणात आपल्या समाजास स्वाभिमानाचा उपदेश केला. मृत जनावरांचे मांस खाणे सोडा, शिळ्या तुकड्यांसाठी हात पसरू नका, मुलांस शिकवा, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी ठराव झाले. परिषद संपण्याच्या सुमारास चित्रे उभे राहिले आणि नगरपालिकेने जो ठराव केला आहे, तो आपण सर्वांनी आताच तळ्यावर जाऊन अमलात आणावा, असे त्यांनी सुचविले. सभा उठली. चौघा-चौघांच्या रांगा लागल्या आणि ती मिरवणूक शिस्तीने, शांतपणे, बाजारपेठेतून तळ्याकडे निघाली. डॉ. आंबेडकर तळ्यात उतरले आणि त्यांनी ओंजळीने पाणी घेतले. त्यांच्यामागून इतरांनी घेतले. सर्वजण आले तसेच शांतपणे मांडवाकडे परतले.

साडेतीन वर्षांच्या या हकीकतीत ठराव खऱ्या अर्थाने अमलात आला तो एवढाच काळ. त्यास पोलीस लागले नाहीत की दंडाची तरतूद लागली नाही. लागली ती माणसे, आणि आपल्याला हक्क आहे असे मानून चार पावले पुढे टाकण्याचे धैर्य.

त्याचे मोल लगेच द्यावे लागले. हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा गावात पसरली. लाठ्याकाठ्या घेतलेला जमाव परिषदेच्या मांडवावर चालून गेला. जेवत असलेल्या, परतीच्या वाटेस लागलेल्या निःशस्त्र माणसांस मारहाण झाली. कित्येकांनी मुसलमानांच्या घरी आश्रय घेतला. संख्येने मोठा असलेला आपला समुदाय चिडून उठला तर काय होईल, हे डॉ. आंबेडकर जाणत होते. त्यांनी आपल्या लोकांस शांत राहण्यास सांगितले आणि ते शांत राहिले. नंतर गावातील सनातनी मंडळींनी दही, दूध, शेण व गोमूत्र यांनी भरलेल्या १०८ घागरी मंत्रोच्चारपूर्वक तळ्यात ओतवून पाणी शुद्ध झाल्याचे जाहीर केले. ज्या पाण्यावर गुरेढोरे येत होती, ते पाणी माणसाच्या ओंजळीने बाटले, असे मानणाऱ्यांत शिकलेली माणसे होती, ही गोष्ट लिहिताना आजही लेखणी अडखळते.

दुसरा ठराव

४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला.

बोले यांचा ठराव कायदेमंडळात आला होता तोही ४ ऑगस्टचाच दिवस होता. मध्ये नेमकी चार वर्षे गेली होती. ज्या संस्थेने दार उघडले, तिनेच ते लावले. कामकाजाच्या दृष्टीने पाहिले तर त्यात गैर काहीच नव्हते. सभा ठराव करू शकते, तशी ती रद्दही करू शकते. परंतु विचार करण्यासारखी गोष्ट ही की, जोवर ठरावाचा कोणी उपयोग केला नव्हता, तोवर तो रद्द करण्याची कोणास आवश्यकता भासली नाही. तीन वर्षे तो वहीत सुखाने नांदला. तहानलेल्या माणसाने त्यावर विश्वास ठेवून पाण्यात हात घातल्यावर मात्र तो सभासदांस असह्य झाला. आपण उदारपणे दिलेली वस्तू घेणाऱ्याने खरोखरीच घेतली म्हणजे देणाऱ्याच्या मनाची जी परीक्षा होते, त्या परीक्षेत महाड नगरपालिका उतरली नाही.

हा दोष एका गावच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. तसे करू नये. महाड नगरपालिकेने निदान एक ठराव केला होता म्हणून तो तिला रद्द करावा लागला. ज्या असंख्य गावांनी काहीच केले नाही, त्यांच्या वह्या कोऱ्या असल्यामुळे त्यांची नावे इतिहासात येत नाहीत, इतकेच.

वहिवाटीचा खटला

ठराव रद्द झाल्यावर डॉ. आंबेडकरांनी डिसेंबर महिन्यात पुन्हा महाडास परिषद भरवून तळ्यावर सत्याग्रह करण्याचे घोषित केले. १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या काही स्पृश्य गृहस्थांनी न्यायालयात दावा लावला. तळे आमचे आहे, अस्पृश्यांस तेथे येण्याचा अधिकार नाही, असे त्यांचे म्हणणे. १४ डिसेंबर रोजी न्यायालयाने तात्पुरता मनाईहुकूम दिला.

२५ डिसेंबरला परिषद भरली. त्यासाठी हिंदूंची जागा मिळाली नाही. फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. डॉ. आंबेडकरांनी आपल्या भाषणात १७८९ साली फ्रान्समध्ये व्हर्साय येथे भरलेल्या राष्ट्रसभेचा दाखला दिला आणि आपली सभाही समतेचा पाया घालण्यासाठी भरली आहे, असे सांगितले. त्याच दिवशी सहस्रबुद्धे यांनी मांडलेल्या ठरावानुसार मनुस्मृतीचे दहन करण्यात आले. सत्याग्रहाविषयी मात्र पेच होता. सहस्रावधी लोक तुरुंगात जाण्याच्या तयारीने आले होते. पण पुढे मनाईहुकूम उभा होता. आपले भांडण सनातनी लोकांशी आहे, न्यायालयाशी व सरकारशी नाही, असा विचार करून सत्याग्रह तहकूब ठेवण्यात आला. हातात आलेले पाणी ज्यांनी स्वेच्छेने ओंजळीतून सोडून दिले, त्यांच्या संयमाची नोंद पाणी घेतल्याच्या नोंदीइतकीच ठळक व्हावयास हवी.

तो मनाईहुकूम २३ फेब्रुवारी १९२८ रोजी उठला. दावा मात्र चालू राहिला. १९३१ साली महाडच्या न्यायालयाचा निकाल डॉ. आंबेडकरांच्या बाजूने लागला. तळे खासगी मालकीचे नसून नगरपालिकेचे आहे, असे त्यात ठरले. त्यावरील अपील १९३३ साली ठाण्यास फेटाळले गेले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व न्यायमूर्ती वाडिया यांनी शेवटचा निर्णय दिला. १९२२ साली अहमदाबादेस गांधीजींचा राजद्रोहाचा खटला ज्यांच्यापुढे चालला, तेच हे ब्रूमफील्ड.

उच्च न्यायालयापुढे मुख्य प्रश्न उरला होता तो वहिवाटीचा. अनादी काळापासून अस्पृश्यांस या तळ्यावर बंदी आहे आणि तशी वहिवाट म्हणून ती पुढेही चालू राहिली पाहिजे, असे अपील करणाऱ्यांचे म्हणणे होते. कायद्याच्या दृष्टीने वहिवाट मान्य व्हावयाची तर ती प्राचीन, निश्चित आणि विवेकास धरून असावी लागते. कोणी एका तळ्यावर येत नव्हता, एवढ्यावरून त्यास न येऊ देण्याचा दुसऱ्यास हक्क प्राप्त होतो असे होत नाही. भीतीमुळे किंवा रूढीमुळे दूर राहणे हे बंदीच्या अधिकाराचे प्रमाण नव्हे. अनादी वहिवाट सिद्ध झाली नाही आणि अपील फेटाळण्यात आले.

मार्च १९२७ मध्ये घेतलेल्या ओंजळभर पाण्याचा निकाल लागण्यास दहा वर्षे लागली. पण तो लागला तेव्हा एक मोठा फरक झाला होता. १९२४ साली तळे खुले झाले होते ते सभासदांच्या बहुमताने. बहुमत फिरले आणि ते बंद झाले. १९३७ साली जे मिळाले, ते हक्क म्हणून मिळाले. आता नगरपालिकेत कोण निवडून येतो आणि कोणाचे मत कोणीकडे झुकते, यावर ते पाणी अवलंबून राहिले नाही. कृपेने मिळालेली वस्तू आणि हक्काने मिळालेली वस्तू दिसावयास सारखीच असते. फरक कळतो तो देणाऱ्याचे मन बदलते तेव्हा.

ठरावाचा वारसा

या कथेचा शेवट महाडास होत नाही. ज्यांनी ओंजळीने पाणी घेतले, तेच पुढे भारताच्या घटना मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या राज्यघटनेचे १५ वे कलम वाचकांनी एकदा शांतपणे वाचावे. सरकारी पैशांतून पूर्णतः वा अंशतः चालविलेल्या किंवा सार्वजनिक उपयोगासाठी अर्पण केलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या उपयोगाबाबत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणाही नागरिकास आडकाठी करता येणार नाही, असे ते सांगते. १७ व्या कलमाने तर अस्पृश्यताच नष्ट केली आणि १९५५ साली तिच्या पालनास शिक्षा सांगणारा कायदा झाला. १५ व्या कलमातील 'तलाव' हा शब्द वाचताना महाडचे तळे डोळ्यांपुढे उभे राहिल्यावाचून राहत नाही. रावबहादूर बोले यांनी १९२३ साली मांडलेला जमाखर्चाचा साधा हिशेबही त्यात आहे. पैसा सर्वांचा, म्हणून पाणी सर्वांचे. फरक एवढाच की, जी १९२३ साली शिफारस होती, ती १९५० साली देशाची आज्ञा झाली. नगरपालिकेला आपला ठराव रद्द करता आला. ही आज्ञा रद्द करणे कोणत्याही नगरपालिकेच्या हाती राहिले नाही.

आज दरवर्षी २० मार्चला महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून लोक महाडास जमतात, तळ्याच्या पायऱ्या उतरतात आणि ओंजळभर पाणी घेतात. ५ जानेवारीला मात्र तेथे कोणी जमत नाही. पहिल्या ठरावाला २०२४ साली शंभर वर्षे पूर्ण झाली, तेव्हाही त्याची आठवण फारशी कोणास झाली नाही. यात तक्रार करण्याजोगे काही नाही. लोकस्मृतीने न्यायच केला आहे. तिने लिहिणाऱ्या हातापेक्षा पाण्यात बुडालेल्या हाताची आठवण अधिक जपली.

आपल्यापुरते

आता ज्ञातिबंधू-भगिनींसाठी दोन शब्द लिहून हा लेख पुरा करतो.

टिपणीस आणि चित्रे आपल्या ज्ञातीचे होते, हे आपण अभिमानाने सांगतो. सांगावेच. परंतु त्यांनी हे कार्य केले ते ज्ञातीच्या पाठिंब्याने केले, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. गावातील स्पृश्य समाजाच्या रोषास तोंड देऊन त्यांनी ते केले, आणि त्या स्पृश्य समाजात आपणही होतो. पूर्वजांच्या धैर्यात वाटा मागावयाचा असेल, तर त्यांनी ज्याच्याशी झुंज दिली त्या दुराग्रहातील आपला वाटाही पदरात घ्यावा लागतो. वारसा निवडून घेता येत नाही. वाडा घेतला की त्यावरचे कर्जही येते.

दुसरे असे की, या एका प्रकरणात किती ज्ञातींचे हात लागले ते पाहावे. ठरावाची कल्पना भंडारी समाजातील पुढाऱ्याची, नगरपालिकेतील पुढाकार कायस्थ प्रभूचा, परिषदेची उभारणी महार तरुणाची, दहनाचा ठराव ब्राह्मणाचा, परिषदेस जागा मुसलमानाची. आणि या सर्वांहून मोठे धैर्य दाखविले ते त्या नावगाव न उरलेल्या हजारो स्त्री-पुरुषांनी, जे पायी चालत आले, मार खाऊन परत गेले आणि डिसेंबरात पुन्हा आले. त्यांची नावे कोणत्याही स्मरणिकेत छापली गेली नाहीत.

तेव्हा पुढील वार्षिक सभेत हुंड्याविषयीचा ठराव पुन्हा येईल, अध्यक्ष मत विचारतील आणि आपले हात वर जातील. त्या क्षणी प्रत्येकाने स्वतःशी एवढेच विचारावे: हा ठराव घेऊन उद्या सकाळी माझ्या घरापासून तळ्याकडे चालावयाचे झाले, तर मी रांगेत असेन काय? उत्तर नकारार्थी असेल, तर हात खाली ठेवणे अधिक प्रामाणिकपणाचे. उत्तर होकारार्थी असेल, तर ठराव वहीत लिहिला गेला नाही तरी चालेल.